आमचं समूहगान आणि सुनंदाची गाणी

चार माणसं एकत्र गायला लागली की सूर जुळायला वर्ष लागतं, किस्से मात्र पहिल्या तालमीपासूनच साठतात! शिवाजी पेठेतल्या आमच्या समूहगानाच्या ग्रुपचंही तसंच. बहुतेक सगळे नोकरदार. देशभक्तीची गाणी लिहायचं खातं माझ्याकडं. मी शाळामास्तर, शब्दांना तोटा नव्हता!

*

नव्वदच्या दशकातली गोष्ट. माझ्या एका गाण्यात प्रत्येक कडव्याला मशाल. आमचे संगीतकार गायकवाड पेटी थांबवून म्हणाले, "मास्तर, एवढ्या मशाली? फायर ब्रिगेडला सांगून ठेवू का?"

*

मग टेलिफोन ऑफिसातली सुनंदा कांबळे ग्रुपमध्ये आली. आली ती गाणं घेऊनच! टँकरपुढं रांगेत उभ्या राहिलेल्या बायकांचं. पहिल्याच तालमीत सगळ्यांचे गळे भरून आले. माझ्या गाण्यानं कधी कुणाला साधा ठसकाही लागला नव्हता! माझा नुसता जळफळाट. म्हटलं, "छान आहे. पण यात देश कुठाय?"

"रांगेत उभा हाय की, सर!"

*

इचलकरंजीत कार्यक्रम होता. समोर यंत्रमाग कामगार. माझं गाणं सुरू झालं आणि निम्मी माणसं चहाला उठली. मग सुनंदाचं, बंद पडलेल्या मागांवरचं गाणं लागलं. गेलेली माणसं कप घेऊन परत आत! नंतर एका बिहारी विणकरानं माझेच हात धरले. "भाईसाब, आपने लिखा?"

मी जरा घुटमळलो. मागून सुनंदा म्हणाली, "व्हय, झेरॉक्स ह्यांनीच काढली!"

*

घरी तरी सुटका? बायको कणीक मळताना सुनंदाचंच गाणं गुणगुणायची. मी चिडून म्हटलं, "माझं म्हण की एखादं!"

"म्हटलं असतं हो, पण तुमच्या गाण्याला सावधान उभं राहावं लागतंय. कणीक कोण मळणार?"

*

आणि मग तो महापूर. पंचगंगेचं पाणी वस्त्यांत शिरलं. पूरग्रस्तांना एका शाळेत ठेवलं होतं, तिथं आम्ही गायला गेलो. बघतो तर सतरंजीवर म्हाताऱ्या आईला धरून सुनंदा बसलेली! घर छपरापर्यंत पाण्यात. आमच्यापैकी कुणाला कळवलंही नव्हतं.

गायकवाड तिच्याजवळ बसले. "ताई, तुमचंच गाणं म्हणतो आज."

तिनं मान हलवली. "माझं नगं. सरांचं म्हणा."

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच! मी विचारलं, "माझं? का गं?"

"त्यात कुणाचं घर न्हाय, सर."

पेटी सुरू झाली. सुनंदा उठली, पदर खोचून आमच्या ओळीत येऊन उभी राहिली. त्या दिवशी सगळ्यांत मोठा आवाज तिचा होता.