राहिलेलं महाराजा

भास्कर पंपवाला म्हटलं की मिरजोळ्याच्या एमआयडीसीत कुणीही त्याची शेड दाखवील, आणि दाखवता दाखवता एवढं नक्की सांगेल की माणूस हाताचा चांगला, पण त्याच्यासमोर देवाचं नाव काढू नका. दसऱ्याला शेडमधल्या यंत्रांना झेंडूच्या माळा कामगार घालतात. भास्कर त्या दिवशी बेअरिंगमध्ये ग्रीस भरत बसतो. यंत्राला हेच आवडतं, म्हणतो.

असा हा साठी उलटलेला गडी गेला आठवडाभर एका जागी बसेना. त्याच्या बायकोच्या, पद्मजाच्या, हृदयाची झडप खराब झाली होती आणि सोमवारी कोल्हापुरात ऑपरेशन ठरलं होतं. झडप म्हणजे काय ते त्याला कुणी शिकवायला नको होतं. विहिरीवरच्या पंपाचा फूटव्हॉल्व्ह झिजला की चढवलेलं पाणी मागे पडतं, आणि हे व्हॉल्व्ह बदलण्यातच त्याचा जन्म गेला होता. पण पंप काय, बंद करून आठ दिवस शेडमध्ये पडला तरी चालतो. हे मनात आलं की मग तो उठायचा आणि अंगणातला, मुळीच न गळणारा नळ पान्याने आवळायचा.

त्यात घरी माणसं येऊ लागली. येताना नारळ आणायची आणि नारळाबरोबर एकेक मुद्दाही.

पद्मजाचा भाऊ विनीत बँकेत साहेब. हेदवीच्या दशभुजा गणपतीला जाऊन आला आणि प्रसाद हातावर ठेवत म्हणाला, "भावोजी, सरळ हिशेबाने बघा. देव असला आणि तुम्ही मानलंत, तर फायदा. नसला, तर तुमचं जातंय काय?"

"मग एकट्या गणपतीवर कसं भागेल? मशिदीत जायला हवं, चर्चमध्ये जायला हवं, कोण खरा निघेल सांगता येतंय का? आणि तो सगळं जाणणारा असेल, तर फायद्यासाठी रांगेत उभा राहिलेला माणूस त्याला ओळखता येणार नाही होय?"

मग शेजारच्या मैनावहिनी सरसावल्या. "अहो, एवढंसं ते काळीज, जन्मल्यापासून न थांबता चालतंय. कुणी घडवल्याशिवाय का?"

"घडवणारा असेल तर बोलवा त्याला. मी दुरुस्त केलेला पंप गळला तर गिऱ्हाईक माझी आईबहीण काढतं. ह्याचा माल गळला तर ह्याला उलट नारळ?"

वहिनींचं तोंड उतरलं. भास्करला वाईट वाटलं, पण जीभ आवरेना. खरं सांगायचं तर वाद चालू असेपर्यंतच त्याला बरं वाटत होतं. वाद संपला, माणसं उठून गेली, की सोमवार परत समोर येऊन बसायचा.

पद्मजा मात्र उभ्या संसारात त्याच्याशी या विषयावर कधी भांडली नव्हती. सगळे गेल्यावर तीच म्हणाली, "उद्या गावी जाऊ. रावजी गुरव देवळात माझ्यासाठी गाऱ्हाणं घालणार आहे. त्याच्या प्रत्येक मागण्याला सगळे 'व्हय महाराजा' म्हणतील, तेव्हा तुम्हीही म्हणा. एवढंच."

"नेतो तुला. म्हणायला लावू नकोस."

"तुमच्या मते तिथे कुणी नाहीच ना? मग खोटं बोलल्यासारखं होणार ते कुणाशी?"

तो अंगणात गेला. नळ आवळला, सैल केला, परत आवळला. आत येऊन म्हणाला, "तुझ्याशी."

पद्मजाने निवडायला घेतलेले तांदूळ पुढे ओढले.

दुसऱ्या दिवशी देवळात वाडीतली माणसं जमली होती. रावजीने नारळ हातात धरला आणि देवाकडे तोंड करून खणखणीत आवाजात सुरुवात केली. "बा देवा म्हाराजा, आज ही तुजी लेक पद्मजा तुज्या पायाशी उभी हाय, रे म्हाराजा!"

"व्हय महाराजा!" सगळे म्हणाले. भास्कर ओठ मिटून उभा. विनीतने मागून कोपराने ढोसलं, तरी नाही.

"तिच्या काळजाचा जा काय वाकडातिकडा झाला आसल, ता सरळ कर, रे म्हाराजा!"

"व्हय महाराजा!" भास्करने खाली मान घातली, आणि तेव्हा त्याच्या कानाला शेजारी काहीतरी कमी पडतंय असं जाणवलं. पद्मजा 'व्हय' म्हणत होती. पुढचं 'महाराजा' तिच्याने होत नव्हतं. तेवढाही दम तिच्यात उरला नव्हता. पाणी अर्ध्यावर चढून मागे पडत होतं.

रावजी थांबला, पद्मजाकडे एकदा पाहिलं आणि तिने आदल्या दिवशी फोनवर सांगितलेलं शेवटचं मागणं घातलं. "आणि हिचा घोव, भास्कर. ही आत आसल तवा तो भायर येकटा आसल. त्याला धरायला कोण नाय. त्याचा मन थाऱ्यावर ठेव, रे म्हाराजा!"

भास्करने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. ही बाई आठवडाभर स्वतःसाठी नाही, त्याच्यासाठी भीत होती.

"व्हय..." पद्मजा म्हणाली, आणि तिचा श्वास तुटला.

"महाराजा," भास्कर म्हणाला.

बाहेर पडताना विनीतचा चेहरा खुलला होता. "म्हणालात की, भावोजी."

"तिचं राहिलं होतं, ते पुरं केलं," भास्कर म्हणाला. त्याला आज वाद नको होता.

गाडीत बसल्यावर पद्मजाने डोकं मागे टेकलं. डोळे मिटून म्हणाली, "अहो, येईन ना मी बाहेर?"

सर्जनने सांगितलेली टक्केवारी भास्करला तोंडपाठ होती. पुराव्याशिवाय त्याने गिऱ्हाइकालाही कधी भरवसा दिला नव्हता. त्याने गाडीची किल्ली फिरवली.

"व्हय," तो म्हणाला.