गोविंदरावाची छत्री आन काकूचा उखाणा

निवडणूक झाली का पोस्टरं बकऱ्या खातात, पुढारी हैद्राबादले जातात, आन किस्से माह्या सायकलीच्या दुकानात येऊन बसतात! आमच्या वांकिडी गावात भोंगा आन बॅटरी एकट्या माह्याजवळ. म्हणून गोविंदरावाच्या तिन्ही निवडणुका म्या भोंग्यामागं बसून पाह्यल्या. गोविंदराव म्हणजे आमच्या बाजारातले कापसाचे आडते. कास्तकाराचा भाव पाडायले एक नंबर, पण आमदारकीचा लई शौक!

*

पहिली निवडणूक निजामाचं राज्य गेल्यावरची. तवा शिक्का मारायची भानगड नव्हती. हर उमेदवाराची पेटी न्यारी, पेटीवर त्याची निशाणी चिकटवलेली. गोविंदरावाची निशाणी छत्री. आपली मताची चिठ्ठी त्या पेटीत टाकायची, बस्स.

गोविंदरावानं गावोगावी घसा फोडून सांगितलं, "मायबहिणींनो, छत्रीच्या पेटीले इसरू नका!"

आमच्या गल्लीतली म्हातारी बायजामाय इसरली नाही. पेटीले हळदकुंकू वाह्यलं, डोकं टेकवलं, आन चिठ्ठी परसाद म्हणून घरी आणून देव्हाऱ्यात ठेवली! तिचं पाहून मागच्या बायांनीही तेच केलं.

गोविंदराव पडले. बायजामाय त्यांले म्हणते, "काऊन नाराज होता राव? तुमच्या मताले रोज उदबत्ती लावून राह्यली ना मी!"

*

त्याच खेपेले त्यांची बायको, सुभद्राकाकू, बायांत प्रचाराले निघाली. आता नवऱ्याचं नाव तोंडातून काढावं कसं? काकू घरोघरी म्हणे, "बायांनो, आमच्या ह्यांले मत द्या."

एक बाई भोळेपणानं म्हणाली, "तुमी तुमच्या ह्यांले द्या बाई, आमी आमच्या ह्यांले देतो!"

मंग काकूनं युक्ती काढली. भोंग्यासमोर उभी राह्यली, पदर सावरला आन उखाणाच घेतला:

"निजाम गेला, राज्य आलं, चिठ्ठी पडते पेटीत,
गोविंदराव उभे राह्यले, छत्री धरून मुठीत!"

बाया हसून हसून लोटपोट! तवापासून गोविंदरावाच्या भाषणाले लोक तंबाखू मळत बसत. उखाण्याले मात्र उठून पुढं येत.

*

दुसऱ्या निवडणुकीआधी राज्यच बदललं. आमी सकाळी उठलो तं आंध्रात! काकूचं माहेर राजुऱ्याकडचं, ते सरहद्दीच्या रेघेच्या तिकडं, मराठी मुलखात गेलं. आमचा एकुलता मराठी मास्तरही बदली घेऊन तिकडंच गेला. शाळेले कुलूप. माही थोरली पोरगी तिसरीतच राह्यली. लई जीव तुटला माहा. म्या गोविंदरावाले साफ सांगितलं, "राव, भोंगा फुकट वाजवतो, पण मराठी मास्तर आणून द्या."

"समज आलाच!" राव म्हणाले.

काकूनंही उखाण्यात जीव ओतला:

"रेघ ओढली नकाशावर, माहेर राह्यलं तिकडं,
गोविंदरावांचं नाव घेते, मत पडू द्या इकडं!"

*

आता मतदार तेलुगूही होते. रावानं नागरी लिपीत लिहून घेऊन तेलुगू भाषण पाठ केलं. उटनूरकडच्या एका गावात धडाधड म्हणून टाकलं. टाळ्या पडल्या. मंग एक म्हातारा उठला, हात जोडून तेलुगूत काहीतरी विचारलं. रावाले एक अक्षर कळलं नाही. पण 'हो'ले काय म्हणतात तेवढं ठाऊक होतं. छाती फुगवून म्हणाले, "अवुनु! अवुनु!"

सारं गाव खो-खो हसलं. म्या शेजारच्याले विचारलं, काय झालं बावा? तो म्हणतो, "म्हाताऱ्यानं विचारलं, तुमीही निवडून आल्यावर तोंड दाखवणार नाही काय?"

त्या खेपेले राव निवडून आले. आन त्यांनी पाळलेलं एवढं एकच वचन!

*

तिसऱ्या निवडणुकीले राव जीपमधून आले. शाळेचं कुलूप तसंच. थोरली लग्नाले आली, धाकटीची पाटी अजून कोरी. म्या घरी जाऊन विचारलं, "राव, मास्तराचं काय?"

"अरे, आता मराठी मराठी केलं तं तेलुगू मतं जातील. पुढच्या खेपेले पाहू."

काकू चहा घेऊन दारात उभी होती. कप ठेवला आन आत निघून गेली.

शेवटची सभा बाजारात. तुफान गर्दी. राव रस्त्यावर बोलले, पुलावर बोलले, शाळेचं नाव नाही. भाषण संपलं तशा बाया ओरडल्या, "काकू, उखाणा! काकू, उखाणा!"

राव खुश. स्वतः हात धरून काकूले भोंग्यासमोर आणलं. काकूनं पदर सावरला. माह्या धाकटीकडं एकवार पाह्यलं. आन खणखणीत आवाजात म्हणाली:

"पाटी फुटली, पेन्सिल झिजली, मास्तर काही येईना,
शाळा उघडल्याबिगर बाई, नाव मी यांचं घेईना!"

मंग बायजामायनं टाळी वाजवली, आन मंग साऱ्याच बायांनी.

राव माह्याकडं पाहून दात-ओठ खात खुणा करून राह्यले, भोंग्याची तार काढ, तार काढ!

बायांनी हाळी दिली, "काकू, अजून एकदा!"

मले तं बावा तार सापडेचना!