माझ्या हातचा हुरडा

हुरडा चोळण्यात माझा हात कुणी धरू शकत नव्हतं. मी सोलापुरातल्या मुसलमान टेम्पोवाल्याची मुलगी. शेत पाहिलं ते मैत्रिणीमुळं. पहिलीपासून आम्ही एका बाकावर. दर थंडीत तिच्या घरचे मला मंगळवेढ्याजवळच्या त्यांच्या रानात न्यायचे. तिच्या काकूनंच शिकवलं, की आगटीत भाजलेलं ज्वारीचं कणीस गरम असतानाच तळहातावर चोळायचं, फुंकर मारून फोलपटं उडवायची आणि दाणे आधी दुसऱ्याच्या हातावर घालायचे. आपण शेवटी खायचं. "पोरीच्या हाताला लई गोडी हाय की," काकू म्हणायची. मैत्रीण तर माझ्याच हातचा खायची. स्वतः चोळायचा तिला भारी कंटाळा.

आठवीत तिला फोन मिळाला. मग कुठलातरी व्हिडिओ दाखवून विचारायची, "तुमच्यात हे खरंच असं असतं का गं?" सात वर्षं आमच्याकडं ईदचा शिरखुर्मा वाटी चाटूनपुसून खाल्लेली बया, आणि मला विचारते. मी हसून सोडून द्यायचे. ते माझं चुकलंच. भांडायला हवं होतं.

नववीत तिनं वर्गातल्या आणखी चौघींना हुरड्याला बोलावलं. मी नेहमीसारखी आगटीजवळ बसले, चोळला आणि पहिली मूठ त्यातल्या एकीपुढं धरली. तिनं माझ्याकडं नाही, मैत्रिणीकडं पाहिलं. मैत्रीण पटकन म्हणाली, "असू दे, आम्ही आमचं आमचं चोळतो." आणि तिनं स्वतः कणीस उचललं. धड येत नव्हतं, बोटं भाजत होती, तरी चोळत राहिली. मला इतका राग आला, की रडूही येईना. त्या चौघींचं काही नाही. त्या कोण लागत होत्या माझ्या? पण ही?

काकू लांब कणसं खुडत होती. माझी मूठ अजून भरलेलीच होती. तेवढ्यात मैत्रिणीची पाच वर्षांची धाकटी बहीण पळत आली आणि सवयीनं माझ्यापुढं दोन्ही हात पसरून उभी राहिली.

"तिचा नको," मैत्रीण म्हणाली. आवाज न चढवता, चटणी तिखट आहे म्हणून सांगावं तसं.

"का?" धाकटीनं विचारलं.

मैत्रीण त्या चौघींकडं बघून नुसती हसली. त्याही हसल्या. धाकटीनं सगळ्यांची तोंडं पाहिली, मग माझं पाहिलं. मग तीही हसली, आणि तिनं दोन्ही हात पाठीमागं घेतले.