राऊत सरांचा सॅक्सिफ्रागा

आमच्या गल्लीत झाडं कमी आणि झाडांच्या गोष्टी जास्त. भाजीच्या गाडीपाशी चार जणी उभ्या राहिल्या की एखादी नवी निघतेच. त्यात राऊत सर हेडमास्तर म्हणून रिटायर झाले, नैनितालला फिरून आले आणि येताना हॉटेलच्या कुंडीतलं एक रोप ओल्या रुमालात गुंडाळून घेऊन आले. मग तर विचारूच नका!

रोपाचं नाव सॅक्सिफ्रागा. गोल केसाळ पानं, वर पांढऱ्या शिरा, खालून लालसर. सावलीत वाढतं आणि लाल दोऱ्यासारखे तंतू सोडतं. प्रत्येक तंतूच्या टोकाला एक पिल्लू.

"हॉटेलवाल्याले विचारलं काय?" मी म्हटलं.

"विचारून आणलेलं झाड जगत नाही. चोरूनच आना लागते," सर म्हणाले.

आमच्याकडे हे सगळेच मानतात. शाळेत पेन्सिलच्या चोरीवर छड्या मारणारा माणूसही मानतो!

सरांच्या अमरावतीच्या साळ्याने फोनवर हिणवलं, "भाऊजी, पहाडातलं झाड अन् यवतमाळचा मे महिना? येऊन पाहतोच मी!" त्या दिवसापासून ते नुसतं रोप राहिलं नाही. सरांची इज्जत त्या कुंडीत जाऊन बसली.

* * *

समोरच्या गावंडेभाऊंनी दारातला कडुलिंब तोडला. कारण काय, तर कारवर पाला पडतो. मग कार तापू लागली म्हणून हिरवी जाळी विकत आणून बांधली. पहिल्याच वादळात जाळी उडाली. आता पालाही नाही, सावलीही नाही. स्वच्छता मात्र भरपूर!

एक दिवस ते सरांकडे आले. "सर, असं सावलीतलं झाड मले बी लावा वाटते. पयले काय लावू, खत की माती?"

राऊत काकू आतून म्हणाल्या, "पयले सावली लावा, भाऊ!"

* * *

सॅक्सिफ्रागा म्हणजे दगड फोडणारा, खडकाच्या फटीत उगवतो म्हणून हे नाव, असं सरांनी ऐटीत सगळ्यांना सांगितलं. गावंडेभाऊंच्या वडिलांना मुतखड्याचा त्रास. सर बँकेत गेलेले पाहून त्यांनी अर्धी पानं खुडून नेली. सर तणतणत त्यांच्या दारात गेले.

"काकाजी, हे मुतखड्याचं औषध नव्हे!"

"समजलं न मले," काकाजी शांतपणे म्हणाले. "काढा घेतला, खडा काही हालला नाही. मंग उरलेल्या पानाले बेसन लावून भजे केले. लय खमंग! पण सर, पुढच्या बारीले पानं जरा मोठे होऊ द्या."

* * *

ऊन चढलं तसा सरांनी कूलर बेडरूममधून काढून मागच्या ओट्यावर, कुंडीकडे तोंड करून ठेवला. सकाळी पाणी, दुपारी पाणी, संध्याकाळी पानांवर फवारा. घरात काकू वर्तमानपत्राने वारा घेत बसलेल्या.

शेवटी त्या म्हणाल्या, "बसू काय मी बी कुंडीत? पाण्याचं तरी विचारसान!"

* * *

मग पिल्लं गायब होऊ लागली. सरांनी पुठ्ठ्यावर लिहून लावलं, 'रोपांना हात लावणे हा गुन्हा आहे.' त्याच दुपारी पुठ्ठ्याशेजारचं पिल्लू गेलं!

सर तपासाला निघाले. गल्लीतल्याच राठोडभाऊंच्या मोरीमागे, ओलसर भिंतीपाशी, सॅक्सिफ्रागा ऐसपैस पसरलेला.

"हे कुठलं?"

"आमच्या तांड्यावरून आनलं, सर."

"तांड्यावर हिमालय कधी आला बे?"

राठोडभाऊ जरा विचार करून म्हणाले, "चोरीचं हाय न सर, तपास लागू देऊ नये."

माझ्या घरामागे, उत्तरेच्या भिंतीच्या सावलीतही एक कुंडी भरली होती. सरांनी ती पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि पुढच्या घराकडे वळले.

* * *

मे महिन्यात सरांचं मूळ रोप मेलं. बुडापासून कुजलं. राठोडभाऊंनी माती उकरून वास घेतला. "उन्हानं नाही मेलं सर. पाण्यानं मेलं. तुमच्या मायेनं मेलं!"

अन् साळा रविवारी येणार! गल्लीतल्या सगळ्यांनी आपापलं रोप देऊ केलं. सरांनी एकालाही होकार दिला नाही. "दिलेलं जगत नाही," एवढंच म्हणायचे. शुक्रवारी तर ते जेवले नाहीत, असं काकूंनी मला हळूच सांगितलं.

* * *

शनिवारी दुपारी गल्लीत चिटपाखरू नव्हतं. मी मुद्दाम फाटक सताड उघडं टाकलं, कुंडी पुढे आणून ठेवली आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी राहिले.

सर आले. उघडं फाटक पाहून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्यांनी फाटक ओढून घेतलं, बाहेरून कडी लावली आणि कंपाउंडच्या भिंतीकडे वळले!

भिंत फार उंच नाही, पण सरांचे गुडघे कधीचेच रिटायर झालेले. पलीकडे काकू प्लॅस्टिकचा स्टूल घट्ट धरून उभ्या. सरांचा एक पाय माझ्या अंगणात, एक रस्त्यावर, आणि पुढे काही जमेना. मी खिडकीतूनच पाहत राहिले.

तेवढ्यात भिंतीवरून काकूंचं डोकं वर आलं. त्यांनी थेट माझ्या खिडकीकडे पाहिलं आणि ओरडल्या,

"अवो, नुसत्या पाहून काय राह्यल्या? 'चोर, चोर' म्हणून बोंबला न जरा! जगलं पाहिजे नं ते झाड!"