विकायला काढलेली गिटार

अकोल्यात लग्नाच्या बँडमध्ये वाजवणाऱ्या एका गृहस्थांनी पत्नीच्या आग्रहाखातर आपली जुनी, पोकळ पोटाची विजेवरची गिटार विकायला काढली होती. गिऱ्हाईक आले की ते तिच्यावरून मायेने हात फिरवीत सांगत, "मान वाकली हाय, पोटाले चीर हाय, रेडिओले जोडली का गुरगुरते." गिऱ्हाईक चहा पिऊन परत जाई.

मी मात्र अमरावतीहून ती घ्यायचीच असे ठरवून गेलो होतो. "असू द्या, आहे तशी घेतो," म्हणालो. त्यांचा हात तारांवरच थांबला. माझा हावरेपणा मलाच बोचला.

"पण आवाज जरा घोगरा वाटतो," मी हळूच म्हणालो.

"आवाजाले नावं ठेवता? जा, तुमाले देतच नाई!" ते उसळले, आणि मोठ्या खुशीत त्यांनी आत हाक दिली, "अवं, पाव्हण्याले अजून चहा मांड!"