नाना जेवायला नेतात तेव्हा

नाना डोंगराकडे पाठ करून जेवायला बसायचे. समोर कर्नाळ्याचा सुळका, खाली हिरवीगार भातशेती, मुंबईहून आलेली माणसं माना वाकड्या करकरून फोटो काढतायत, आणि आमचे नाना चुलीकडे तोंड करून बसलेले. "डोंगर कुठे पळून जातोय? भाकरी गार होतेय, तिकडे बघा," असं वर आम्हालाच सुनावायचे.

नाना म्हणजे नवीन पनवेलमधल्या आमच्या सोसायटीतले, माझ्या वरच्या मजल्यावरचे. निवृत्त झाल्यावर लोक देवदर्शनाला जातात, नाना खानावळी शोधत फिरले. रविवारी बाहेर कुठे जेवायचं हे सोसायटीत कुणीही ठरवो, शेवटी ठरवायचे नानाच. गाडी माझी, पेट्रोल माझं आणि रस्ता नानांचा! हमरस्त्यावरच्या एखाद्या चकचकीत हॉटेलासमोर मी जरा वेग कमी केला की म्हणायचे, "अगं, एवढं मोठं पार्किंग? मग स्वयंपाकघराला जागा उरली कुठे?" की निघालो पुढे. एकदा तर जासईजवळ बंदराकडे जाणाऱ्या कंटेनरच्या रांगेत निम्मी दुपार घालवून त्यांनी आम्हाला कोळंबीचं कालवण खायला नेलं. एवढ्या भुकेला दगडसुद्धा गोड लागला असता, असं मी म्हणाले, तर पुढचा रविवार येईपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत.

आणि तोंडानं कधी कुणाला चांगलं म्हणतील तर शपथ! जेवण आटोपलं की थेट चुलीपाशी जायचे आणि करणारीला तोंडावर सांगायचे, "वाटण घाईत वाटलंयस." नाहीतर, "आज तुझं भाकरीत लक्ष नव्हतं." आम्ही लाजेनं आधीच गाडीत जाऊन बसलेले असायचो. घरीही तीच तऱ्हा. त्यांच्या पत्नी, म्हणजे माई, सांगायच्या, "माझ्या आमटीला यांनी एकदा 'बरी आहे' म्हटलं होतं. त्या दिवशी मी साखर वाटायचीच काय ती बाकी ठेवली होती."

नानांची सगळ्यांत लाडकी खानावळ हिराबाईंची. कर्नाळ्याच्या अलीकडच्या एका गावात, घराच्याच अंगणात मांडलेली टेबलं, ना बोर्ड ना मेन्यूकार्ड. नवरा गेलेला, जमीन विकली गेलेली, मुलगा वेगळा झालेला. त्या चुलीवरच हिराबाईंचं पोट होतं. सगळ्यांत जास्त नावं नाना तिथेच ठेवायचे आणि सगळ्यांत जास्त वेळाही तिथेच न्यायचे.

एका पावसाळ्यात हिराबाई तापानं चांगल्याच आजारी पडल्या. बऱ्या होऊन त्यांनी चूल पेटवल्याचं कळलं, तसे आम्ही रविवारी हजर. पहिला घास घेतला आणि मी नानांकडे बघितलं. कालवणात मीठच नव्हतं. नावाला म्हणून नव्हतं. म्हटलं, आता होणार तमाशा! पण नानांनी निमूटपणे भाकरी मोडली, पुन्हा कालवण मागून घेतलं, आणि हिराबाई जवळ आल्यावर म्हणाले, "फक्कड झालंय."

हिराबाईंनी हातातली पळी खाली ठेवली आणि तिथेच मटकन बसल्या.

"नाना, तुमी चांगलं बोललंव, तवाच मना कळलं," त्या म्हणाल्या. "ताप गेला, पन तोंडाची चव घेऊन गेला. खारट नाय, आंबट नाय, काय पन लागत नाय. आता ही चूल बंद करायची, दुसरं काय?"

नानांनी ताटातलं अळणी कालवण भाकरीनं पुसून संपवलं.

दुसऱ्या दिवसापासून नाना सकाळची एसटी धरायला लागले. चुलीपाशी पाटावर बसायचे आणि तळहात पुढे करायचे. हिराबाई पळीनं थेंबभर कालवण त्यावर सोडायच्या. ते चाटून नानांचा हुकूम सुटायचा, "मीठ. अजून. अजून. बास, बाई, बास!" खानावळ पूर्वीसारखी चालू राहिली, आणि जेवणाऱ्यांना कशाचा पत्ता नाही. माई म्हणायच्या, "माझ्या स्वयंपाकघरात जन्मात पाऊल टाकलं नाही, आणि आता दुसऱ्यांच्या चुलीपाशी जाऊन बसतात!" म्हणायच्या खऱ्या, पण रिकाम्या पोटी तिखट चाटायला नको म्हणून रोज पहाटे उठून नानांना गरम पोहे करून घालायच्या. त्या पोह्यांनाही नाना नावं ठेवायचेच.

गेल्या थंडीत नाना गेले. रात्री व्यवस्थित जेवले, झोपले आणि सकाळी उठलेच नाहीत. मला फार वाईट वाटलं. अजूनही वाटतं.

दिवसकार्य झाल्यावर माईंनी मला वर बोलावलं. डोळे पुसत म्हणाल्या, "जा गं तिच्याकडे. ती थांबली असेल."

मी एकटीच गेले. नाना गेल्यापासून बंद असलेली चूल आज पेटलेली होती, टेबलांवर माणसं येऊन बसली होती, पण ताटं अजून रिकामीच. हिराबाई पातेल्यापाशी पळी धरून उभ्या होत्या. मला बघितल्यावर एवढंच म्हणाल्या, "पोरी, हात पुढं कर."

कढत थेंब तळहातावर पडला. मी तो चाटला. मीठ कमी आहे एवढं कळलं. त्यांच्या तोंडाकडे बघून मात्र मी म्हणाले, "छान झालंय."

"नानांवानी खोटं नको बोलू," हिराबाई म्हणाल्या. "लोकं जेवायची हायत. मीठ टाकू का नको?"

"टाका," मी म्हणाले आणि हात पुन्हा पुढे केला.