‘ए’च्या पुढची रिकामी चौकट

माझं अख्खं आयुष्य लोकांच्या गाड्या थांबवण्यात गेलं. जबलपूरच्या ट्रॅफिकमध्ये लागलो तेव्हा मिशी नुकती फुटत होती आणि हवालदार म्हणून निवृत्त झालो तेव्हा ती पांढरी झाली होती. तिलवाऱ्याच्या पुलापासून घमापुरापर्यंत मी शिट्टी फुंकली नाही असा चौक सापडायचा नाही. त्यामुळे थायलंडातल्या एका बेटावर, भाड्याच्या मोटरसायकलवर, पोलिसानं हात दाखवून मला बाजूला घेतलं तेव्हा खरं म्हणजे घाबरायला पाहिजे होतं. मला इतका आनंद झाला की मी हसायलाच लागलो.

पण आधी घरचं सांगतो, म्हणजे पुढचं समजेल.

आम्ही मूळचे नागपूरकडचे. माझे वडील इथल्या कारखान्यात कामाला आले आणि घमापुरात राहिले. घरात मराठी, दाराबाहेर पाय टाकला की हिंदी. एकुलती एक मुलगी आहे. तिला आपलं मराठी सगळं समजते, बोलताना मात्र अर्ध्या वाक्यात हिंदीत उतरते. ती कॉलेजात होती तेव्हाची गोष्ट. तिलवाऱ्याला पूल संपतो तिथं आमची चेकिंग लागली होती. एक स्कूटी आली. चालवणारी माझीच मुलगी, मागे मैत्रीण. लायसन्स नाही. मी चालान फाडलं, स्कूटी लावून घेतली आणि दोघींना ऑटोनं घरी जा म्हटलं. तिथं एक पत्रकार उभा होता. दुसऱ्या दिवशी पेपरात माझा फोटो, बापानं स्वतःच्या मुलीचं चालान कापलं म्हणून. साहेबांनी पाठ थोपटली. मी ते कात्रण लॅमिनेट करून बैठकीत टीव्हीच्या वर लावलं. येणारा-जाणारा वाचायचा आणि मी त्याला हौसेनं चहा पाजायचो.

माझी छाती फुगली आणि पोरगी बोलायची बंद झाली. अबोला नव्हता, बरं का. जेवले का, गोळी घेतली का, लाइट बिल भरलं का, सगळं विचारायची. पण मनातलं एक अक्षर नाही. बँकेची परीक्षा पास झाली तेही मला तिच्या आईकडून कळलं. मला वाटे, लेकरू आहे, निवळेल. वर्षं गेली, निवळली नाही. आणि माझा स्वभाव हा असा. आपण होऊन विचारायचं म्हणजे माझ्या जिवावर येते. निवृत्त झाल्यावर दिवसभर घरी बसायला लागलो तेव्हा ते फार टोचायला लागलं. एकदा, फक्त एकदा, या पोरीनं माझ्याजवळ बसून धडधडा बोलावं, एवढीच माझी इच्छा उरली होती.

तर गेल्या हिवाळ्यात तिनं एकदम जाहीर केलं, आईला थायलंडचे विहार पाहायचे आहेत, आपण तिघं जाऊन राहिलो आहोत. माझ्या बायकोनं आयुष्यभर बुद्धाच्या फोटोपुढं मेणबत्ती लावली, तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. मी म्हटलं, येतो, पण माझी एक अट. तिथं मी मोटरसायकल चालवणार. समुद्राच्या काठानं. जन्मभर गाडी चालवली ती या चौकातून त्या चौकात, एकदा तरी लांब मोकळी सोडायची होती.

"चलो, ठीक है," मुलगी म्हणाली. "पण बाबा, इंटरनॅशनल परमिट लागेल. मी माझं करून राहिली, तुमचं पण करून घ्या."

आरटीओत मला कोण ओळखत नाही? खुर्ची आली, चहा आला, दादा कैसे हैं झालं. परमिटची पुस्तिका हातात पडली ती मी खिशात घातली. उघडूनसुद्धा पाहिली नाही. जगाचे कागद उलटेसुलटे करून पाहणारा माणूस मी, पण स्वतःचा कागद पाहायची सवयच नव्हती.

बेटावर तिसऱ्या दिवशी टेकडीवरच्या मोठ्या बुद्धाकडे जायचं ठरलं. बायकोचे गुडघे दुखतात, म्हणून ती टूरच्या गाडीनं पुढे गेली. मी आणि मुलगी मोटरसायकलवर. ती माझ्या मागे बसली. तिलवाऱ्यानंतर ती माझ्या गाडीवर कधी बसली नव्हती, याची तिला आठवण होती की नाही कोण जाणे, मला होती. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला नारळ, रस्ता असा गुळगुळीत की पोटातलं पाणी हलत नाही. गाड्या तिथंही आपल्यासारख्या डाव्या बाजूनं चालतात, पण हॉर्न कोणी वाजवत नाही. मी दोनदा उगाच वाजवून पाहिला. मुलीनं पाठीत ठोसा मारला.

"बाबा, इंडिया नहीं है."

पाठीत ठोसा बसला, त्याचंही मला कोण कौतुक. मी गाणं म्हणणारच होतो, तेवढ्यात वळण आलं आणि वळणाच्या पलीकडे चेकिंग.

काय चेकिंग होती! जागा कशी निवडली होती पाहा. वळण घेताना चालवणाऱ्याचं लक्ष समुद्राकडे, त्यामुळे शेवटच्या क्षणापर्यंत पोलीस दिसत नाही. रस्त्यावरचे प्लास्टिकचे कोन असे लावलेले की दुचाकी आपोआप आत येते आणि ट्रक खोळंबत नाही. एक जण थांबवतो, एक जण कागद पाहतो, एक जण लिहितो, कोणी कोणाच्या पायात नाही. सावलीत टेबल, टेबलावर पाण्याच्या बाटल्या. आम्ही आयुष्यभर उन्हात उभे राहून घसा फोडला आणि यांच्याकडे तंबू. मी गाडी लावली आणि हरखून पाहतच राहिलो.

"बाबा, हसून काहून राहिले? पोलीस आहे," मुलगी कानाशी म्हणाली.

"अगं, काम पाहा ना त्यांचं," मी म्हटलं.

पोरगेलासा पोलीस होता. हात जोडून नमस्कार केला, मग परमिट मागितलं. मी ऐटीत पुस्तिका दिली. त्यानं ती सरळ शेवटच्या पानावर उघडली, म्हणजे गडी कामाचा होता. पान माझ्याकडे वळवलं आणि बोट ठेवलं. तिथं इंग्रजी अक्षरांच्या चौकटी होत्या. ‘बी’ म्हणजे कार, तिच्या पुढं शिक्का. ‘ए’ म्हणजे मोटरसायकल, तिच्या पुढं काही नाही. कोरी चौकट.

"कार, ओके," तो म्हणाला. "बाइक, नो."

मी म्हणणार होतो की असं कसं होईल, आणि तोंड उघडता उघडता मला आठवलं.

भरती झालो तेव्हा मला आधी जीपवर घेतलं होतं. तेव्हा खात्यानं कारचं लायसन्स काढून दिलं. दोन वर्षांनी मोटरसायकलची किल्ली हातात दिली, मी किक मारली आणि निघालो. लायसन्सवर मोटरसायकल चढवायची राहिली. आज चढवू, उद्या चढवू करता करता मी ते साफ विसरलो. आठवण कोण करून देणार? ट्रॅफिकवाल्याला लायसन्स विचारायला कोणाच्या बापाची हिंमत आहे? तीस-बत्तीस वर्षं मी बिनालायसन्सची मोटरसायकल चालवली आणि तिच्यावर बसून लोकांची लायसन्सं तपासली.

इकडे मुलगी माझी बाजू घेऊन भांडायला लागली होती. तिला वाटलं, आरटीओच्या क्लार्कनं शिक्का मारायचा सोडला. ती त्या पोलिसाला इंग्रजीत, हातवारे करून सांगून राहिली, ही ऑफिसची चूक आहे, माझे वडील स्वतः ट्रॅफिक पोलीस आहेत, आमच्या शहरात त्यांच्याइतका कडक माणूस नाही, त्यांनी कधी एक नियम मोडला नाही. आवाज चढला होता तिचा. इतक्या वर्षांत माझ्यासाठी ती पहिल्यांदा कोणाशी भांडत होती.

पोलीस एवढंच समजला की हा म्हातारा आपल्यातला आहे. त्यानं मला सलाम ठोकला, टेबलाकडे पाहिलं, आपल्या साहेबाला काहीतरी विचारलं. साहेबानं मान हलवली. पुस्तिका मिटून माझ्या हातात यायला लागली. गप्प बसलो असतो तर तिथून सुटलो असतो. मुलगी पुन्हा मागे बसली असती आणि कदाचित टेकडीवर जाईपर्यंत मोकळी झाली असती. एवढ्याचसाठी मी तडफडत होतो ना? मी हात पुढे केला नाही.

"क्लार्कची चूक नाही ती," मी मुलीला म्हटलं. "माझ्याकडे मोटरसायकलचं लायसन्सच नाही."

"मतलब?"

"कधीच नव्हतं. कारचं आहे."

"म्हणजे नोकरीत असताना..."

"नव्हतं. तिलवाऱ्याला तुला थांबवलं त्या दिवशीही नव्हतं. मी मोटरसायकलनंच तिथं आलो होतो."

ती माझ्याकडे पाहत राहिली. मला वाटलं आता ही रडेल, नाहीतर हसेल, नाहीतर सगळ्यांसमोर फाडून खाईल. ती वळली आणि त्या पोलिसाला शांतपणे म्हणाली, लिहा, यांना लायसन्स नाही.

त्यानं लिहिलं. मी दंड भरला, पावती घेतली, आणि खोटं काहून बोलू, ती पावती कशी छापली आहे तेही पाहून घेतलं. मग त्यानं मुलीचं परमिट पाहिलं. तिच्या ‘ए’समोर शिक्का, ‘बी’समोर शिक्का. त्यानं किल्ली तिच्या हातात दिली आणि मी मागे बसलो. टेकडीवर पोचेपर्यंत ती बोलली नाही. वर तिची आई वाट पाहून थकलेली, उशीर काहून झाला म्हणून माझ्यावरच भडकली.

"चेकिंग होती," मुलगी म्हणाली. आणि आईचा हात धरून मूर्तीकडे निघाली.

जबलपूरला आलो आणि बॅग खोलायच्या आधी स्टुलावर चढून ते कात्रण काढलं. बायकोनं विचारलं तेव्हा तिला सगळं मीच सांगितलं. ती इतकी हसली, इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. मी दुसऱ्या दिवशी शिकाऊ लायसन्सचा अर्ज केला. महिनाभर रोज सकाळी गाडीला लाल ‘एल’ लावून फिरलो. नियमाप्रमाणे मागे लायसन्सवाला माणूस पाहिजे, म्हणून मुलगी मागे बसायची, बसल्या बसल्या जांभया द्यायची. घमापुरातल्या पोरांची तर चंगळ झाली. ज्यांना ज्यांना मी कधीकाळी पकडलं होतं ते एकूणएक दुकानाच्या पायरीवर येऊन उभे राहायचे आणि ओरडायचे, "दादा, इंडिकेटर!"

टेस्टच्या दिवशी मुलगी म्हणाली, सुट्टी घेतली आहे, मी येते. आरटीओत पुन्हा तेच, खुर्ची, चहा. जुना ओळखीचा एक जण म्हणाला, "दादा, आप किसका काम लेकर आए हैं?" मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं की माझंच काम आहे, मी आजवर बिनालायसन्सची गाडी चालवली, आज टेस्ट द्यायला आलो. खुर्ची घेतली नाही. कॉलेजच्या पोरांच्या मागं लाइनीत उभा राहिलो. अंगात अशी तरतरी आली होती की काय सांगू. वाटलं, टेस्टच्या मैदानावर गाडीनं असा आठ काढतो की पाहत राहतील.

आठाच्या दुसऱ्या गोलात माझा पाय टेकला.

"फेल," तिथला तपासणारा म्हणाला. त्याला माझ्यापेक्षा जास्त वाईट वाटून राहिलं होतं. "दादा, सात दिन बाद फिर आइए."

मी गाडी ढकलत बाहेर आणली. मुलगी भिंतीजवळ बाकावर बसली होती. मी शेजारी बसलो. मला वाटलं चिडवेल.

"बाबा," ती म्हणाली, "मी पण एक सांगू? मी बँक सोडली."

"कधी?"

"दिवाळीच्या आधी."

दिवाळी होऊन पाच महिने झाले होते. "मग रोज डबा घेऊन जाते ते कुठं?"

"सराफ्यात. दागिन्यांचं डिझाइन शिकून राहिली. बँकेत जायचं म्हटलं की रोज सकाळी माझ्या पोटात दुखायचं, बाबा. एका क्लायंटच्या खात्यात चूक झाली होती, मैंने ही गलती की थी, आणि मला कोणाला सांगताच आलं नाही."

माझं डोकं तापलं. बँकेची पक्की नोकरी. ओठावर दहा प्रश्न आले. मी त्यातला एकच विचारला.

"आईला माहीत आहे?"

"आईला पहिल्या दिवसापासून माहीत आहे."

तेव्हा मला कळलं. लांबून चेकिंग दिसली की लोक गाडी गल्लीत वळवतात, मी ते हजारदा पाहिलं आहे, आणि माझ्या घरात दोन बायका इतकी वर्षं मला पाहून तेच करत होत्या. बाकावर बसून मला रडूच आलं. मी रुमाल काढून तोंड पुसलं, ऊन आहे म्हटलं.

"रागावले?" तिनं विचारलं.

"रागावलो ना," मी म्हटलं. "पण चल, सराफ्यात ने मला. काय शिकली ते दाखव."

मी नापास, म्हणून चालवायला ती बसली. गाडी फाटकाबाहेर पडली नाही तोच तिचं सुरू झालं. मीनाकारी, घडण, कारागीर कसा ओरडतो, पहिली नथ काढली ती किती वाकडी आली, काय आणि काय. हेल्मेटमध्ये मला निम्मं ऐकू येत नव्हतं. सराफा येईपर्यंत ती बोलत होती, आणि मी तिला एकदाही थांबवलं नाही.